वारसदाराने अभ्यासावे असे एक आयुष्य

सप्रेम आशीर्वाद.

आजोबांपासून चालत आलेला मतदारसंघ आता तू सांभाळावास असा घरच्यांचा आग्रह आहे आणि त्यावर तू माझे मत विचारले आहेस. होकार देण्यापूर्वी लेबनॉनमधील द्रूझ या छोट्या धर्मपंथाचे नेते कमाल जुम्ब्लाट यांचे आयुष्य नीट अभ्यासावेस, असे मला मनापासून वाटते.

शूफच्या डोंगराळ भागातील मुख्तारा येथे, एका सरंजामी घराण्यात १९१७ साली त्यांचा जन्म झाला. ते लहान असतानाच वडिलांची हत्या झाली आणि आई नझीरा यांनी घराण्याचे राजकारण खंबीरपणे पुढे चालवले. १९४३ मध्ये कमाल संसदेत गेले ते या वारशाच्या बळावरच. त्या काळात रूढ झालेल्या वाटपात राष्ट्राध्यक्षपद मॅरोनाइट ख्रिस्त्यांकडे, पंतप्रधानपद सुन्नींकडे आणि सभापतिपद शियांकडे गेले. द्रूझ माणूस कितीही कर्तबगार असला तरी त्याला यांपैकी एकही पद मिळणार नव्हते. १९४९ मध्ये त्यांनी प्रोग्रेसिव्ह सोशलिस्ट पक्ष स्थापन केला, धर्मानुसार होणारे हे वाटप मोडण्याची मागणी लावून धरली आणि स्वतःच्या मालकीची जमीनही शेतकऱ्यांना दिली. यात देखावा होता असे मी मानत नाही.

मात्र पुढचा भाग तू सावकाश वाच. गांधीजींना मानणारा, शाकाहारी, केरळातील आत्मानंदांकडे वेदान्ताची दीक्षा घेतलेला हा माणूस १९५८ च्या सशस्त्र उठावात उतरला आणि १९७५ मध्ये पेटलेल्या यादवीत एका आघाडीचा प्रमुख झाला. सीरियाचे राष्ट्राध्यक्ष हाफिज अल-असद यांनी समजावूनही १९७६ मध्ये त्यांनी माघार घेतली नाही. १६ मार्च १९७७ रोजी शूफमध्येच त्यांची मोटार अडवून त्यांना ठार करण्यात आले. संशय सीरियावर होता, पण सूड उगवला गेला तो शेजारच्या गावांतील निरपराध ख्रिस्त्यांवर. समाजाची निष्ठा वारशाने मिळते तेव्हा तिच्यासोबत असा अनावर संतापही येतो, आणि तो आवरण्यासाठी त्या दिवशी नेता हयात नव्हता.

सरंजामशाहीविरुद्ध काढलेल्या त्यांच्या पक्षाचे नेतृत्व पुढे मुलाकडे, वलीद यांच्याकडे आले आणि २०२३ मध्ये नातू तैमूर अध्यक्ष झाले. म्हणून अर्ज भरण्याआधी घरच्यांसमोर एक अट ठेव: तुझ्यानंतरची उमेदवारी घराबाहेरच्या, शक्यतो दुसऱ्या समाजातील कार्यकर्त्याला द्यायची आणि हे तुझ्या पहिल्याच सभेत जाहीर करायचे. ते काय म्हणतात, ते मला कळव.