ऑरेंज, मँडरिन आणि आपलं संत्रं

प्रश्न : ‘ऑरेंज’ हा शब्द आपल्या ‘नारिंग’वरून आला आणि इंग्रजीत ‘अ नॉरेंज’चं ‘ॲन ऑरेंज’ होताना ‘न’ गळला, असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पहिलं खरं, दुसरं नाही. संस्कृत ‘नारंग’ (मूळ बहुधा द्रविड) फारसीत गेला, अरबीत ‘नारंज’ झाला आणि अरबांसोबत कडू नारिंगाच्या रूपाने स्पेनला पोचला. स्पॅनिशने आणि हंगेरियनने ‘न’ आजही जपलाय. पोर्तुगीजांनी त्याचा ‘ल’ करून ‘लारांजा’ केलं. ‘न’ गळाला तो इटालियन-फ्रेंचमध्ये. इटालियन ‘उना नारांचा’ (एक नारिंग) भरभर म्हणून पाहा, ‘न’ कोणत्या शब्दाचा ते कळत नाही. फ्रेंचमध्ये सोन्याला ‘ऑर’ म्हणतात, त्या ओढीने पहिला स्वरही बदलला असावा. इंग्रजीला शब्द मिळाला तो ‘न’शिवायच. इंग्रजीत खरोखर असा ‘न’ गेला तो ‘एप्रन’चा, तो आधी ‘नेप्रन’ होता.

गोड फळ युरोपभर पसरलं ते पुढे, मुख्यतः पोर्तुगीज व्यापारामुळे. म्हणून ग्रीकमध्ये ते ‘पोर्तोकाली’, तुर्कीत ‘पोर्ताकाल’. उत्तरेकडच्यांनी मात्र चीनची आठवण ठेवली : रशियन ‘अपेल्सीन’ म्हणजे मुळात ‘चिनी सफरचंद’.

आता गंमत. हे सगळे शब्द ज्या गोड फळाचे, त्या जातीत आपली मोसंबी येते. नागपुरी संत्रा म्हणजे मँडरिन. साल सैल, फोडी सहज सुटणाऱ्या. तेव्हा संत्र्यांच्या निर्यातीच्या पेटीवर रशियनमध्ये ‘अपेल्सीन’ छापाल, तर गिऱ्हाईक घट्ट सालीचं फळ समजेल. तिथे ‘मंदारीन’ लिहा, ग्रीकसाठी ‘मंदारीनी’. हा ‘मँडरिन’ही आपल्याच घरचा : संस्कृत ‘मंत्री’, मलय ‘मंतरी’, पोर्तुगीज ‘मंदारीं’ म्हणजे चिनी अधिकारी. त्यांच्या पिवळ्या झग्यांवरून फळाला नाव पडलं असावं. (हिवाळी अधिवेशनात आपल्याकडे दोन्ही एकदमच येतात.)

प्रश्न : मग हॉलंडचं ऑरेंज राजघराणंही नारिंगावरूनच का?
– एक वाचक, काटोल

उत्तर : नाही. ते नाव दक्षिण फ्रान्समधल्या ओरांज गावाचं. रोमन काळी गावाला ‘अराउसिओ’ म्हणत आणि तेव्हा तिथे नारिंग पोचलंही नव्हतं. पुढे दोन्ही शब्दांचा उच्चार एक झाला, म्हणून घराण्याने तो रंगच आपला केला.