वाचकांचे प्रश्न : सुट्टी मुलांना, घराला नाही

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे नाताळच्या सुट्टीविषयी आहेत, याचे मला सुरुवातीला नवल वाटले. मी ज्या मराठी शाळेत एकोणतीस वर्षे शिकवले, तेथे नाताळची सुट्टी एका दिवसाची असे. मोठी सुट्टी दिवाळीची, आणि तिच्यात फराळ, किल्ला, मामाचे गाव हे सारे न ठरवता ठरलेले असे. केंद्रीय मंडळाच्या आणि पुष्कळशा इंग्रजी माध्यमाच्या शाळांत दिवाळीची सुट्टी आखूड आणि नाताळची आठ-दहा दिवसांची असते. त्या दिवसांत आईवडिलांच्या कचेऱ्या चालू असतात, शेजारच्या मराठी शाळेतली मुले वर्गात असतात आणि घरात सणही नसतो. सुट्टी फक्त मुलाला मिळालेली असते. या महिन्याच्या पत्रांतल्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलगा आठ वर्षांचा आहे. दिवसभर सासूबाई घरी असतात. माझ्या दोनच रजा शिल्लक आहेत. सोसायटीतल्या इतर मुलांना शिबिरांना घातले आहे. आम्ही घातले नाही म्हणून अपराधी वाटते. त्याऐवजी मी सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंतचे वेळापत्रक करून फ्रिजवर लावले आहे, पण पहिल्या रविवारी सराव म्हणून पाळून पाहिले तर दुपारीच भांडण झाले. काय चुकले? (एक आई, ठाणे)

उत्तर : तुम्ही वेळापत्रकाची प्रत पत्रासोबत जोडलीत हे बरे झाले. त्यात चित्रकला, पाढे, बुद्धिबळ, वाचन, अ‍ॅबॅकस आणि ‘मोकळा वेळ २० मिनिटे’ असे आहे. शाळेतसुद्धा मधली सुट्टी याहून मोठी असते. आठ वर्षांच्या मुलाला दिवसात एक किंवा दोन गोष्टी ठरलेल्या हव्यात आणि उरलेला वेळ खरोखर उरलेला हवा. पहिले दोन दिवस तो ‘कंटाळा आला’ असे दर पंधरा मिनिटांनी सांगेल, आणि ते ऐकून घेणे सासूबाईंना जड जाईल. म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवावे, की कंटाळा आल्याचे ऐकले म्हणजे लगेच काही हातात दिलेच पाहिजे असे नाही. तिसऱ्या दिवशी बहुधा तो पलंगाखालची खोकी बाहेर काढतो. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया हेच सांगत, फक्त त्यांच्या तक्रारीचा सूर वेगळा असे: ‘बाई, घरभर पसारा केला हो.’

रजांचे म्हणाल, तर त्या पंचवीस तारखेला लागून घेऊ नका. २५ डिसेंबरची सुट्टी तुम्हाला मिळतेच, आणि त्या दिवशी मॉलपासून बागेपर्यंत सगळीकडे रांगा असतात. एक रजा मधल्या मंगळवारी किंवा बुधवारी घ्या. तुम्ही ठाण्यात आहात. तुमच्या खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी, नोव्हेंबरपासून येऊ लागतात, पण ते दिसणार की नाही हे भरती-ओहोटीवर ठरते, कारण ओहोटीला चिखल उघडा पडला म्हणजे ते त्यात चरायला उतरतात. इथे मुलाला खरे काम देता येईल. मुंबईच्या किनाऱ्यावरचे कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढत आले आहेत: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सुमारे सहाला आणि ओहोटी सुमारे बाराला. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच. खाडी आत शिरते तशी वेळ थोडी पुढे सरकते, आणि ती किती सरकते हे तिकडे गेल्यावर मुलालाच पाहू द्या. पाढ्यांसाठी वेगळा तास लावण्याची गरज मग उरणार नाही.

प्रश्न : माझे वय ६७ आहे. मुलाची दोन आणि मुलीचे एक अशी तीन नातवंडे दरवर्षी नाताळच्या सुट्टीत माझ्याकडे असतात. ती मला हवी असतात, हे आधी लिहिते. परंतु एकाला पोळी हवी, दुसऱ्याला नूडल्स, तिसरी जेवतच नाही. गुडघे दुखतात. सकाळी इतकी थंडी असते, की आंघोळीसाठी तिघांच्या मागे धावण्यात दहा वाजतात. सून फोनवरून दिवसातून चार वेळा सूचना करते. मुलगा म्हणतो, ‘आई, तुला तेवढीच सोबत.’ मी काही बोलत नाही. बोलावे का? (एक आजी, नाशिक)

उत्तर : बोलावे, आणि ती मुले येण्याआधी बोलावे. तुमचे पत्र वाचून मला थोडा राग आला, तो अर्थातच तुमच्यावर नव्हे. ‘तेवढीच सोबत’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे आणि ते म्हणणारा माणूस नेहमी कामावर निघालेला असतो. पाळणाघराला पैसे द्यावे लागतात म्हणून तेथील बाईंचे श्रम दिसतात. आजीचे श्रम मायेच्या खात्यात जमा होतात आणि मग त्यांचा हिशेबच कोणी मागत नाही. माया खरी आहे आणि गुडघेही खरे आहेत.

बोलताना सुनेला एकटीला गाठू नये. मुलगा आणि मुलगी दोघांनाही एकाच वेळी, शक्यतो समोर बसवून, तीन गोष्टी सांगाव्यात. पहिली म्हणजे दहा दिवसांसाठी स्वयंपाकाच्या बाई लावायच्या आणि त्यांचा पगार त्या दोघांनी वाटून द्यायचा. तुमच्याकडे आधीच कोणी येत असतील तर त्यांना वाढीव कामाचे वाढीव पैसे मिळाले पाहिजेत. तीन माणसे वाढली आणि पगार तोच, हा अन्याय अनेक चांगल्या घरांतून सहज होऊन जातो. दुसरी म्हणजे दुपारी दीड ते साडेतीन तुमच्या खोलीचे दार बंद राहील, आणि त्या वेळात फोनवर सूचनाही येणार नाहीत. तिसरी म्हणजे मधला शनिवार-रविवार आईवडिलांपैकी कोणीतरी मुलांकडे पाहील आणि तुम्ही पूर्ण मोकळ्या असाल. हे सांगताना आवाज कापला तरी हरकत नाही. रडू आले, तर मात्र मुद्दा बाजूला पडून तुमची समजूत काढणे सुरू होईल, म्हणून शक्य झाल्यास हे मुद्दे कागदावर लिहून ठेवावेत.

जेवणाचे तीन प्रकार करणे आजपासून बंद करावे. सकाळी एकच स्वयंपाक होईल आणि ज्याला तो नको त्याला पोळी-तूप-गूळ किंवा भाकरी-दही मिळेल, एवढे जाहीर केले की दोन दिवस चेहरे लांब होतात आणि तिसऱ्या दिवशी ताटे पुढे येतात. तुम्ही मुलांची वये लिहिली आहेत, ती नऊ, सात आणि पाच. या वयाची तिन्ही मुले स्वयंपाकघरात उपयोगी पडू शकतात, फक्त त्यासाठी आजीने ओट्याजवळ उभे न राहता खुर्चीवर बसले पाहिजे. हे दिवस मटाराचे आहेत. पाच वर्षांच्या मुलीला शेंगा सोलता येतात; ती निम्मे दाणे खाऊन टाकील, आणि जी जेवत नाही म्हणून तुम्ही काळजी करता तिच्या पोटात तेवढे तरी जाईल. सात वर्षांच्याने शेंगांचे आणि दाण्यांचे वजन करावे, म्हणजे किलोभर शेंगांतून अर्धा किलो दाणेही हाती लागत नाहीत हे त्याला कळेल. नऊ वर्षांच्या मुलाकडे पिण्याचे पाणी भरणे, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करणे आणि संध्याकाळी दार-खिडक्या लावणे ही तीन कामे कायमची सोपवावीत, आणि ती त्याने तुमच्याइतकी नीट केली नाहीत तरी पुन्हा आपण करू नयेत. हा शेवटचा भाग तुम्हालाच सर्वांत अवघड जाईल असा माझा अंदाज आहे.

आंघोळीविषयी थोडक्यात सांगते. तुमच्या जिल्ह्यातल्या निफाडचा पारा किती उतरला हे वर्तमानपत्रे दर हिवाळ्यात छापत असतात. अशा थंडीत सुट्टीच्या दिवशी मुलांनी सकाळी सातलाच न्हाले पाहिजे असा काही दंडक नाही. अकरा वाजता गच्चीवर किंवा अंगणात ऊन आले, की तिथेच तेल लावून घ्यावे आणि मग पाणी तापवावे. सुनेला हे पटले नाही, तर आंघोळ घालण्यासाठी तिने यावे.

प्रश्न : शाळेने सुट्टीत सौरमालेची प्रतिकृती करायला सांगितली आहे. मागच्या वर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री साडेबारापर्यंत मी आणि माझी पत्नी ज्वालामुखी रंगवत होतो आणि मुलगी झोपली होती. यंदा ते टाळायचे आहे. (एक बाबा, पुणे)

उत्तर : शिक्षिकेला कळते. आम्हाला नेहमीच कळत असे. सुट्टीच्या पहिल्या दोन दिवसांत मुलीने तिला जमेल तशी, तिच्या हातांनी, घरात असलेल्या वस्तूंतून प्रतिकृती करावी. मोहरीचा बुध आणि लिंबाचा गुरू चालेल, शनीचे कडे वाकडे असले तरी चालेल. सोबत दोन ओळींची चिठ्ठी द्यावी, की हे काम तिने स्वतः केले आहे. गुण कमी पडले तर ते कमी पडलेले गुण तिचेच असतील. आणि ३१ तारखेच्या रात्री तुम्ही दोघे काय कराल हा प्रश्न या सदराच्या कक्षेत येत नाही.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. संध्याकाळ झाली की मोबाइलवरून रोज वाद होतात. सुट्टीपुरते नियम सैल करावेत असे पत्नीचे मत आहे, माझे नाही. (एक वडील, नागपूर)

उत्तर : तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर लक्षात आले, की वाद संध्याकाळचाच आहे, दुपारविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही. डिसेंबरच्या अखेरीस नागपुरात सूर्य पावणेसहाच्या आत मावळतो, मुंबईच्या सुमारे अर्धा तास आधी. शाळेच्या दिवसांच्या सवयीने मुले पाच वाजता खेळायला उतरत असतील, तर तासाभरात अंधार, थंडी आणि ‘वर या’ अशी हाक, आणि मग झोपेपर्यंतचे चार तास बंद दारांआड. त्या चार तासांत मोबाइल मागितला जाणारच. तेव्हा खेळ दुपारी हलवावा. तुमच्याकडे मे महिन्यात जे ऊन शत्रू असते तेच आता अकरापासून चारपर्यंत हवेहवेसे असते. जेवण लवकर उरकून मुलांना दुपारी मैदानावर जाऊ द्यावे, म्हणजे संध्याकाळी ती दमलेली असतील. सोसायटीत दुपारी खेळू नये असा नियम असेल, तर या दहा दिवसांपुरती सवलत मागण्यासाठी तुम्ही स्वतः कार्यकारिणीकडे जावे. वामकुक्षी करणाऱ्या मंडळींशी वाटाघाटी करण्याची जबाबदारी मुलांवर टाकू नये.

दोन्ही मुलांना एकच नियम लावता येणार नाही. पाच वर्षांखालील मुलांविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेला सल्ला असा आहे, की दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसात एका तासापेक्षा अधिक वेळ बसून पडदा पाहू नये आणि त्याहून कमी असेल तर उत्तमच. मुलीच्या बाबतीत सुट्टी हे त्याला कारण होऊ शकत नाही. मुलाच्या बाबतीत मी तुमच्या पत्नीच्या बाजूने आहे. दहा वर्षांच्या मुलाला सुट्टीत एखादा जास्तीचा सिनेमा मिळावा, मात्र तो टीव्हीवर, सर्वांनी मिळून पाहावा आणि मुलगी झोपल्यावर पाहावा. जेवताना तुमचा स्वतःचा फोन कुठे असतो, हे तुम्ही लिहिलेले नाही.

प्रश्न : आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात आहे. नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन हुरड्याला जाण्याचा विचार आहे, पण पुतण्यांची जिल्हा परिषदेची शाळा चालू असते. त्यांना चार दिवस शाळा बुडवू द्यावी का? भाऊ ‘चालेल’ म्हणतो. (एक वाचक, पिंपरी)

उत्तर : बुडवू देऊ नये. शहरातून पाहुणे आले की गावच्या मुलांची शाळा बुडते, यातून दोन्हीकडच्या मुलांना जे कळते ते चांगले नाही. शिवाय अनेक शाळांत याच सुमारास स्नेहसंमेलनाची तयारी चालू असते, आणि नाचाच्या ओळीतला एक मुलगा गैरहजर असला की काय गोंधळ होतो हे मी पुरेपूर अनुभवले आहे. तुमच्या मुलांनी सकाळी भावंडांना शाळेपर्यंत सोडायला चालत जावे आणि सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहावे. मधल्या वेळात भावाबरोबर रानात जावे, पाणी धरताना पाहावे, हरभऱ्याचे घाटे खावेत. कामात मध्येमध्ये लुडबुड झाली तरी तुमचा भाऊ बोलणार नाही, म्हणून मुलांना आवरणे तुमच्याकडे.

हुरड्याची घाई करू नये. नाताळात ज्वारीचे कणीस नुकते कुठे दुधाळ दाण्यांनी भरू लागलेले असते आणि खरा हंगाम जानेवारीत रंगतो, म्हणून कोणते रान लवकर आले आहे हे भावाला आधी विचारून मगच दिवस ठरवावा. माणशी दर लावून ढोलकीसह होणाऱ्या हुरडा पार्ट्या शहराजवळही आहेत, त्यासाठी गावी जायला नको. घरच्या रानात आगटीसाठी, म्हणजे कणसे भाजायच्या विस्तवासाठी, खड्डा खणण्यापासून गोवऱ्या आणण्यापर्यंत सगळे मुलांना करता येते. बहुतेक ठिकाणी शनिवारची शाळा सकाळची असते, तेव्हा आगटी शनिवारी दुपारी पेटवावी. गुळभेंडीची, म्हणजे हुरड्याच्या गोड ज्वारीची, कणसे निखाऱ्यातून निघाली की ती चोळायला पुतण्यांनाच पुढे बसवावे, कारण हात न पोळता गरम कणीस चोळायचे कसे आणि कूस फुंकायची कशी, हे तुमच्या मुलांना तुमच्यापेक्षा तेच नीट शिकवतील.