सर्क्युलर इकॉनॉमीतली उद्योजकता मुलांना कशी शिकवावी?

तुम्ही विचारलंय की उद्योजकता हा विषय यंदा तुमच्या गळ्यात पडलाय, त्यात सर्क्युलर इकॉनॉमी (म्हणजे वापरलेला माल टाकून न देता पुन्हा पुन्हा वापरात फिरवायचा) नवीन घातलीय, तर सुरुवात कुठून करायची. मी सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात हा विषय पाच-सहा वर्षं घेतोय, मूळचा मेकॅनिकलवाला. पहिली दोन वर्षं मी पण पीपीटीच केली, गोल गोल बाणांची चित्रं, रंगीत चिठ्ठ्या, मुलं खूश, आणि शेवटी बहुतेक ग्रुपचं एकच, कचरा गोळा करायचं ॲप.

आता मी एकच प्रश्न धरून बसतो. तुम्ही ज्याला कचरा म्हणताय तो आत्ता कोण नेतं?

एका बॅचचं सांगतो. प्लास्टिकच्या प्लेटा, ग्लास, चमचे यांच्यावर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आली (आपल्या राज्यात 2018 लाच आली होती, पाळली किती ते सोडा), तर चार पोरांनी ठरवलं रसवंतीच्या चिपाडाच्या ताटल्या करायच्या. कल्पना वाईट नाही, बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्याच, ताटल्या बाजारात आहेतच. कच्च्या मालापुढे लिहिलं 'फुकट'. म्हणलं बरं, जा घेऊन या.

रसवंतीवाले काका पहिल्या दिवशी म्हणाले न्या की, मला तेवढंच टाकायला जायला नको. तिसऱ्या दिवशी एक मावशी भांडायलाच आल्या, रोज संध्याकाळची दोन पोती त्यांची ठरलेली, थोडं म्हशीला आणि बाकीचं वाळवून अंघोळीच्या बंबाला. पुढच्या आठवड्यात काका पोत्यामागे वीस रुपये मागायला लागले, आता मागणारे दोघं झाले म्हटल्यावर ते तरी का सोडतील.

मग वजन. 60 किलो ओलं चिपाड, टेम्पोला 400 रुपये, वर्कशॉपच्या गच्चीवर चार दिवस वाळवलं तर भरलं 28 किलो. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच टेम्पोतून फिरवून आणलं, आणि फुकटचा माल नुसत्या भाड्यानंच चौदा रुपये किलो पडला. मधे एक दिवस ढगाळ गेला तर खालच्या थराला आंबट वास, मुंग्या, गांधीलमाश्या, एकाचा हात टम्म सुजला.

मग लगदा. ताटल्या दाबायला आधी लगदा लागतो, तो कॉस्टिक सोड्यात शिजवून केला, बरा निघाला, पण पातेल्यात कोऱ्या चहासारखं सोड्याचं जहाल पाणी उरलं ते ओतायचं कुठं? लॅब असिस्टंटनी बेसिनजवळ फिरकू दिलं नाही, बरोबरच केलं. कचऱ्यातून माल करायला निघालेली पोरं त्या पातेल्याभोवती गप्प उभी होती, माझा सगळ्यात चांगला तास तो झाला आणि मी त्यात फारसं बोललोच नाही.

नंतर त्यांना साखर कारखान्यावर नेलं. एक टन उसामागे साधारण 280 ते 300 किलो बगॅस निघतं, त्यातही निम्मं पाणीच, तरी ते पट्ट्यावरून तिथल्या तिथं बॉयलरला जातं, कारखाना त्याच वाफेवर चालतो आणि उरलेली वीज बरेच कारखाने विकतात. मळीचं इथेनॉल, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) परत शेतात. गुऱ्हाळावर तर चिपाड शेजारीच वाळत घालून चुलवाणात सारतात, आमच्या आजोबांना हे सर्क्युलर आहे असं कोणी शिकवलं नव्हतं. मुलांना फरक तिथं दिसला, की चिपाड चरकापासून चुलवाणापर्यंत जातं पन्नास फूट, आणि यांचं आलं होतं बारा किलोमीटर.

ॲपवाल्यांना मी पुण्याचं वाचायला लावतो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 ची, तिच्यातून उभी राहिलेली 'स्वच्छ' ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था, 2008 पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा घेते, घरटी महिन्याला थोडे पैसे आणि सुका माल विकून येतात ते पैसेही वेचणाऱ्यांचेच. एवढं वाचलं की 'मधला माणूस काढून टाकू' ही ओळ स्लाइडवरून आपोआप जाते. मग भंगारच्या दुकानात दोन तास बसायला पाठवतो, पुठ्ठा, रद्दी, पत्रा, दुधाची पिशवी यांचे त्या दिवशीचे भाव वहीत लिहून आणायचे, आणि वेफर्सची पाकिटं घेता का विचारायचं. तो हसतो. का घेत नाही, तर वेगवेगळ्या प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले, ते सुटे करणं परवडत नाही. माझा इनोव्हेशनचा भाग इथून सुरू होतो, त्याआधी नाही.

ताटलीवाल्यांनी शेवटी प्रोजेक्ट बंद केला आणि का बंद केला त्याचा पानभर हिशोब दिला, मी त्यांना वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिले. वरून विचारणा झालीच, प्रॉडक्ट कुठाय? तुमच्याकडेही होईल, म्हणून मार्कांची विभागणी सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीच मंजूर करून घ्या, व्हायवाच्या दिवशी भांडून काही मिळत नाही.

आणि रसवंतीवर न्यायचं असेल तर मार्चात न्या. जूननंतर निम्म्या बंद असतात आणि चिपाडही वाळत नाही.