किन्सींनी कसं विचारलं?

अमेरिकेतले लैंगिकतेचे आद्य संशोधक आल्फ्रेड किन्सी यांच्याविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न : किन्सी मूळचे कीटकशास्त्रज्ञ. मग या विषयाकडे कसे वळले?

१९३८ साली इंडियाना विद्यापीठात त्यांनी विवाहविषयक वर्ग घेतला. मुलं-मुली जे विचारत, त्यावर पुस्तकांत उपदेश भरपूर होता, माहिती जवळजवळ नव्हतीच. मग त्यांनी माणसांनाच विचारायला सुरुवात केली.

प्रश्न : त्या काळात लोक परक्या माणसाला खरं का सांगत?

मला किन्सींचं सगळ्यात मोठं काम इथेच दिसतं. 'तुम्ही कधी असं केलंय का?' असं ते विचारत नसत. 'पहिल्यांदा केलंत तेव्हा वय काय होतं?' असं विचारत. त्यामुळे कबुली देण्याचं ओझंच उरत नसे. उत्तर काहीही आलं तरी चेहऱ्यावर नापसंती उमटू द्यायची नाही, हा शिरस्ता. नोंदी सांकेतिक खुणांत होत आणि त्या खुणांचा उलगडा मोजक्या सहकाऱ्यांनी पाठ केलेला असे. सुमारे १८,००० मुलाखतींपैकी जवळपास ८,००० त्यांनी स्वतः घेतल्या. आपल्याकडे आजही कितीतरी रुग्ण डॉक्टरांच्या कपाळावरची आठी पाहून गप्प बसतात, म्हणून हे इतकं सविस्तर सांगतोय.

प्रश्न : 'दहा टक्के पुरुष समलैंगिक' हा त्यांचा आकडा खरा का?

असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. पुरुषांच्या लैंगिक वर्तनावरच्या त्यांच्या १९४८च्या अहवालातलं विधान असं : १६ ते ५५ या वयात निदान तीन वर्षं जवळपास पूर्णपणे समलैंगिक राहिलेले गोरे पुरुष दहा टक्के. तोही आकडा सगळ्या समाजाला लावता येत नाही, कारण मुलाखती देणारे आपणहून आलेले होते आणि त्यांत कैद्यांचा भरणा जास्त होता. शिवाय लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका माणसाच्या नोंदी त्यांनी माहिती म्हणून वापरल्या. ते मला अक्षम्य वाटतं.

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे. किन्सींच्या पट्टीवर माझा आकडा कोणता?

त्या पट्टीवर ० म्हणजे पूर्ण विषमलैंगिक, ६ म्हणजे पूर्ण समलैंगिक. ती रोगनिदानाची चाचणी नाही. आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर एकाच माणसाचा आकडा वेगळा येऊ शकतो, हे किन्सींनीच नोंदवलंय. तेव्हा आकडा ठरवायची घाई करू नका. घरचे लग्नासाठी मागे लागले असतील, तर मात्र स्पष्ट सांगून वेळ मागून घ्या आणि आधी समुपदेशकाशी बोला.