एमसीआर झाला म्हणजे भाऊ दोषी ठरला का?

तुमचा प्रश्न असा: धाकट्या भावाला दुचाकीचोरीच्या संशयावरून उचललं, नागपूरच्या कोर्टाने आधी तीन दिवस पीसीआर (पोलीस कोठडी) दिला, आज एमसीआर (न्यायालयीन कोठडी) केला. म्हणजे गुन्हा सिद्ध झाला का?

नाही हो. उलट कालच्यापेक्षा आजची बातमी बरी आहे. मी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो आणि हा घोळ नेहमी बघतो. मागे एका पोराची आई एमसीआर ऐकताच जिन्यात मटकन बसली, "माह्या पोराले जेलात टाकलं जी साहेब!" जामिनाचा अर्ज तेव्हा माझ्या हातात टाईप होऊन तयार होता.

पीसीआरमध्ये आरोपी पोलिसांच्या ताब्यात असतो. चौकशी, जप्ती तेव्हाच चालते. एमसीआर म्हणजे तो आता न्यायालयीन कोठडीत, तुमच्या बाबतीत बहुधा वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहात. खटला अजून सुरूही झालेला नाही. जामिनाचा अर्ज पीसीआरमध्येही टाकता येतो, पण "तपास सुरू आहे" म्हटलं की तो सहसा टिकत नाही. म्हणून आम्ही एमसीआरची वाटच बघत असतो.

पण हातावर हात ठेवून बसू नका. 1 जुलै 2024 पासून सीआरपीसी, म्हणजे जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता गेली, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या 15 दिवसांतच मिळायची. आताही एकूण 15 दिवसच, पण ते तुकड्यातुकड्यांनी मागता येतात, चोरीसारख्या गुन्ह्यात पहिल्या 40 दिवसांत कधीही. म्हणजे एमसीआरनंतर पुन्हा पीसीआर होऊ शकतो. (जुन्या वकिलांच्या हे अजून अंगवळणी पडलेलं नाही, माझ्याही नाही.)

एफआयआरवर कलम कोणतं आहे ते बघा. भारतीय न्याय संहितेचं 303(2), म्हणजे साधी चोरी असेल, तर कमाल शिक्षा 3 वर्षं. 7 वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नका, असं सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावलंय. अटकेची गरज का पडली, हे पोलिसांनी लेखी दिलंय का, ते वकिलाला विचारा.

अशा गुन्ह्यात पहिल्या रिमांडपासून (कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून) 60 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. मात्र तो मागावा लागतो. तुम्ही अर्ज करण्याआधी दोषारोपपत्र दाखल झालं, की हा हक्क गेला.

"त्यानं कबूल केलं" हे पेपरात वाचून घाबरू नका. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा होत नाही. पण त्याने दाखवलेल्या जागेवरून गाडी सापडली असेल, तर तेवढा भाग धरला जातो, आणि खरी झटापट तिथेच होते.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. आणि जामीनदार आजच शोधा. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, घरटॅक्सची पावती किंवा पगाराची स्लिप तयार ठेवायला सांगा. ऑर्डर झाल्यावर कागदांसाठी धावपळ करणाऱ्यांची माणसं दोन-दोन दिवस उगाच आत राहतात.