आईच्या मोतीबिंदूसाठी डॉक्टरांनी टोरिक लेन्स सुचवली आहे. चष्म्यात सिलिंडर नंबर दोन आहे. जास्तीचे पैसे घालावेत का, आणि आधी काय तयारी करावी?

माझे दोन्ही डोळे झालेत, दोन्हींत टोरिकच, म्हणजे सिलिंडर नंबरही दुरुस्त करणारी लेन्स, बसवली आहे, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे अंशांच्या भानगडीत जरा जास्तच रमते, तेवढं सांभाळून घ्या.

आधी चष्म्यातला तो सिलिंडरचा दोन नंबर, म्हणजे डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसल्याने लागणारा नंबर, बाजूला ठेवा. त्यातला काही भाग कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा असतो, काही डोळ्यातल्या मूळ भिंगाचा, आणि ते भिंग तर ऑपरेशनमध्ये काढूनच टाकतात. माझ्या चष्म्यात सिलिंडर सव्वा होता, मशीनवर कॉर्नियाचा सव्वादोन निघाला. उलटंही होतं. चष्म्यात भरपूर आणि कॉर्नियावर नावापुरता, मग टोरिकला घातलेले पैसे फुकट. कॉर्नियाचा आकार वेडावाकडा असेल, केराटोकोनस (कॉर्निया शंकूसारखा पुढे येणं) वगैरे, तर टोरिकचा भरवसा धरता येत नाही. ते टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणाऱ्या तपासणीत कळतं, म्हणून ती करून घ्याच.

आता मोजमाप. खरं ऑपरेशन मला तरी हेच वाटलं, टेबलावरची वीस मिनिटं त्यामानाने काहीच नाहीत. साधी लेन्स पोळपाटासारखी, कशीही फिरवा, फरक पडत नाही. टोरिक म्हणजे पाटा, तिला दिशा असते. ती ठरलेल्या ॲक्सिसपासून, म्हणजे सिलिंडरच्या दिशेच्या कोनापासून, एक अंश फिरली की सिलिंडरची दुरुस्ती साधारण ३.३ टक्क्यांनी घटते. दहा अंशांत एक तृतीयांश गेली, तीस अंशांत सगळीच.

माझ्या उजव्या डोळ्याच्या ॲक्सिसचं पहिलं माप आलं ८८ अंश, लगेच दुसऱ्या मशीनवर ९७. डॉक्टरांनी डोळे कोरडे आहेत म्हणून थेंब दिले आणि तारीख दोन आठवडे पुढे ढकलली. मुलाने पुण्याहून रजा काढली होती, मी चांगलीच कुरकुरले. पण नंतर दोन्ही मशीनांवर ९३-९४ आलं, तेव्हा गप्प बसले. तुमच्या आई कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असतील तर त्या मापाच्या किती दिवस आधी बंद करायच्या ते विचारून घ्या. हार्ड लेन्सला काही आठवडेही लागतात. आणि दोन मापं जुळली का, हे विचारायला लाजू नका.

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरात नेण्याआधी मला स्टुलावर ताठ बसवलं, "समोरच्या घड्याळाकडे बघा" म्हणाले आणि बुबुळाच्या कडेला शाईच्या दोन खुणा केल्या, तीन आणि नऊ वाजता. बधिर करायचे थेंब घातलेले असतात, दुखत नाही, टिकली टेकवल्यासारखं वाटतं. बसवूनच का, तर आडवं झालं की डोळा स्वतःभोवती काही अंश फिरतो. काही ठिकाणी हे काम कॅमेरा करतो.

लेन्स हललीच तर बहुधा पहिल्या काही तासांत किंवा दिवसांत. म्हणून दुसऱ्या दिवशीची तपासणी "दिसतंय ना छान" म्हणून टाळू नका. फार फिरलेली असेल तर पुन्हा आत जाऊन सरळ करतात. त्यासाठी पैसे वेगळे घेणार का, हे आधीच विचारा.

विम्याचं म्हणाल तर माझ्या पॉलिसीने मोतीबिंदूची ठरलेली मर्यादा दिली, वरचा फरक खिशातून गेला. टीपीएकडून, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून, तो आकडा आधी लेखी घ्या.

माझं मत विचाराल तर कॉर्नियाचा सिलिंडर दीड-दोनच्या पुढे असेल आणि मापं जुळत असतील, तर घालावेत पैसे. मला एसटीची पाटी आता चष्म्याशिवाय वाचता येते. पण लेन्स मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची (सहसा लांबची), असेल तर जवळचा चष्मा राहणारच, हे आईंना आजच सांगून ठेवा. माझ्या नणंदेला कोणी सांगितलं नव्हतं, ती अजून तांदूळ निवडताना डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडते.