सही करण्याआधी दोन्ही गटांत बसून बघ

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचं, तुमच्या आयव्हीएफच्या दवाखान्यात चाललेल्या औषधाच्या अभ्यासाचं माहितीपत्रक पोचलं. माहितीपत्रक दोनदा वाचून काढलं. जुनी सवय, सुटत नाही. ट्रान्सफरला, म्हणजे भ्रूण गर्भाशयात सोडायला, अजून अवकाश असताना डॉक्टरांनी ते हातात दिलं आणि "घरी नेऊन वाचा" म्हणाले, इथेच त्यांना माझे निम्मे गुण. एग पिकअपच्या, म्हणजे बीजं काढून घ्यायच्या सकाळी, बाई उपाशीपोटी सलाईन लावून पडलेली असताना सह्या उरकून घेणारेही असतात. तसल्या सहीला मी संमती म्हणत नाही.

"अभ्यासात भाग घेऊ की नको, मावशी तूच सांग," असं लिहिलंयस. ते काही मी सांगायची नाही. पण संमतीपत्रांच्या टेबलाशी इतकी वर्षं गेली माझी, तेव्हा असला कागद वाचताना कुठे थांबायचं, एवढं सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर. तुझा उपचार चाललाय तो तुला मूल व्हावं म्हणून. अभ्यास चाललाय तो एका प्रश्नाचं उत्तर मिळावं म्हणून. दोन्ही एकाच दवाखान्यात, त्याच डॉक्टरांच्या हातून होतं, त्यामुळे भल्याभल्यांची गल्लत होते. एक बाई अजून डोळ्यांसमोर आहे. स्कॅनच्या रांगेतून उठून आलेली, पोटावर इंजेक्शनांचे निळेहिरवे डाग, साडीचा पदर सावरत बसली ती अवघडूनच. पानं भराभर उलटून थेट सहीच्या रेघेवर आली आणि पेन टेकवता टेकवता म्हणाली, "यात नाव घातलं की आपल्याकडे जास्त लक्ष देतात ना?" मी कागद परत घेतला आणि तिला चार दिवसांनी बोलावलं. लक्ष खरोखरच थोडं जास्त मिळतं, नाही असं नाही: चार रक्ततपासण्या जास्त, दोन फोन जास्त. पण तेवढ्यासाठी कुणी अभ्यासात शिरू नये.

तुझ्या अभ्यासात ट्रान्सफरच्या आधीपासून गोळ्या आहेत. निम्म्या जणींना औषधाच्या, निम्म्यांना हुबेहूब तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. कुणाच्या वाट्याला काय, हे संगणक ठरवणार, चिठ्ठी उचलल्यासारखं. तुला कळणार नाही, डॉक्टरांनाही नाही. (काही त्रास उद्भवला तर गोळी कुठली होती ते उघड करता येतं. त्यासाठी रात्रीबेरात्री लागणारा फोन नंबर पत्रकावर आहे, मी पाहिला.) आता निवांत बस आणि असं धर की तुला बिनऔषधाच्या गोळ्या आल्या आणि बीटा एचसीजी, म्हणजे दिवस राहिलेत का ते सांगणारी रक्ततपासणी, निगेटिव्ह आली. "औषध मिळालं असतं तर?" हे मनात घोळत राहील? मग उलट धर. औषध मिळालं, राहिलंही, आणि सातव्या आठवड्यात सगळं संपलं. "उगाच घेतली ती गोळी" म्हणून स्वतःला बोल लावशील? दोन्हीकडे वाईट वाटणारच, ते मी विचारत नाहीये. दोन्हीकडे स्वतःला बसवून "तरी चालेल" असं म्हणता येतंय का, ते बघ. "मला औषधच मिळेल" अशा आशेवर सही करणार असशील, तर हा अभ्यास सोडून दे.

बिनऔषधाचा गट म्हणजे नुकसान, असंही धरून चालू नकोस. आयव्हीएफ पुन्हा पुन्हा फसलेल्या बायकांना प्रेडनिसोन द्यायची रीत कितीतरी वर्षं होती. शरीराची प्रतिकारशक्ती गर्भाला रुजू देत नसेल तर ती जरा दबवावी, हा त्यामागचा तर्क, ऐकायला पटतोही. २०२३ साली चीनमधल्या ७१५ स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. प्रेडनिसोन घेतलेल्यांपैकी ३७.८ टक्के जणींना जिवंत बाळ झालं, बिनऔषधाच्या गोळ्या घेतलेल्यांपैकी ३८.८ टक्के जणींना. वर औषधाच्या गटात मुदतीआधीची बाळंतपणं जास्त. त्याआधी ज्यांना हे औषध "देऊन तर बघू" म्हणून मिळालं, त्यांच्यावरही प्रयोगच झाला होता. फक्त त्याची वही कुणी ठेवली नाही. गर्भाशयाचं अस्तर खरवडण्याचंही तसंच. ठिकठिकाणी ते करत असत, आणि २०१९ मध्ये १३६४ स्त्रियांच्या चाचणीत जिवंत बाळ झाल्याचा दोन्ही गटांचा आकडा सारखाच निघाला, २६.१ टक्के. म्हणून ज्या गोष्टीची चाचणी चालू आहे, तीच शेजारच्या खोलीत जादा पैसे घेऊन देत असतील तर बेधडक विचार: उपयोग ठाऊक असेल तर चाचणी कशाला, आणि ठाऊक नसेल तर बिल कशाचं?

आता चौथ्या पानावर ये. यश कशाला म्हणणार, तर "क्लिनिकल प्रेग्नन्सी" असं लिहिलंय. म्हणजे सोनोग्राफीत पिशवी दिसली की त्यांची मोजदाद संपली. तुझी तिथे कुठे संपते? बाळ घरी येईपर्यंतचा हिशोब ठेवणार का, हे विचार. त्याच पानावर बारीक अक्षरात बाळाची दोन वर्षांपर्यंत माहिती घेऊ असं आहे, ते मला आवडलं. पण ती माहिती कोण घेणार, कुठे ठेवणार, आणि पुढे तुम्ही नको म्हणालात तर थांबवणार का, याचा उल्लेख नाही.

"केव्हाही माघार घेता येईल" हे वाक्य खरं आहे, पण अर्धं. गोळ्या उद्या बंद करता येतील. ट्रान्सफर झालेलं भ्रूण परत फ्रीजमध्ये जात नाही. तुमची चार भ्रूणं आहेत म्हणून मी एवढ्या मोकळेपणाने लिहितेय. एकच असतं तर माझा सूर वेगळा लागला असता. शिवाय ट्रान्सफरआधी महिनाभर थांबायची अट आहे. तुझ्या वयाला तो महिना काही नाही, पण चाळिशीला टेकलेल्या बाईला मी दहादा विचार करायला सांगितलं असतं. उरलेलं रक्त साठवण्याची संमती वेगळी आहे. तिथे "नाही"वर खूण केलीस तरी मुख्य अभ्यासात राहता येतं.

एवढ्या कागदांचा सोपस्कार कशाला, असं जावईबापू म्हणतात ना? त्यांना डीईएस नावाच्या औषधाची गोष्ट सांग. गर्भपात टळावा म्हणून ते औषध गरोदर बायकांना सर्रास देत. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात त्याची रीतसर चाचणी झाली आणि १९५३ मध्ये निष्कर्ष आला की उपयोग नाही. तरी अमेरिकेत ते देणं चालूच राहिलं, १९७१ मध्ये त्या बायकांच्या मुलींमध्ये योनिमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग दिसून येईपर्यंत. आणि त्या चाचणीतल्या बायकांना आपण चाचणीत आहोत याचा पत्ताच नव्हता. पुढे त्यांनी कोर्टात धाव घेतली. चाचणी केली म्हणून खरं कळलं, आणि ज्यांच्यामुळे कळलं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मला दोन्ही एकदमच आठवतं.

डॉक्टरांना "नाही" म्हणायचा संकोच वाटतो, हे तू ओझरतं लिहिलंयस, पण मला वाटतं खरी अडचण तीच आहे. तीन वर्षं त्यांच्या हातात सगळं सोपवलंय, आता तोंडावर नकार कसा द्यायचा! ही अडचण जगभरच्या रुग्णांची आहे. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नीती सांगणाऱ्या हेलसिंकी घोषणापत्रातच म्हटलंय की रुग्ण डॉक्टरवर अवलंबून असेल, तेव्हा संमती त्या नात्याबाहेरच्या जाणकार व्यक्तीने घ्यावी. तशी व्यक्ती माग, त्यात उद्धटपणा काही नाही. आणि नाहीच म्हणायचं ठरलं तर कारण द्यायला तू बांधील नाहीस.

राहता राहिलं नववं पान. गोळ्यांमुळे काही इजा झाली तर खर्च कोण करणार, या ठिकाणी "नियमानुसार" एवढंच छापलंय. नियम कुठला, विमा कुणाचा, बाळाला काही झालं तर तोही त्यात येतो का, हे लेखी मागून घे. उत्तर आलं की लगेच मला पाठव, वाचते आणि मग फोनवर बोलू.

तुझी,
मावशी